पाण्यात सोडून बघू

शुक्रवारी बाजारात मी बालदी घेऊन जातो.
इस्माइल घांची लांबूनच ओरडतो,
आवो, दांतवाळा!
घासाघीस नंतर. आधी बदक पाण्यात.
कलंडलं तर ते दिवाणखान्यासाठी केलेलं.
शेपूट किंचित वर धरून सरळ बसलं
तर त्यानं तलाव पाहिलाय.

घरात एकोणीस झाली.
सहा तलवार बदकं, चार थापटे,
एक चक्रवाक, त्याची जोडीदारीण नऊ वर्षं शोधतोय,
रात्र जरा लांबलीय त्यांची.
बाकीची कुठली, रंग उडाल्यावर कोण सांगणार.
पांगाऱ्याचं लाकूड, पोटाखाली शिशाची पट्टी,
डोळ्यांच्या जागी गुंजा.
वढवाण्याच्या तलावात म्हणे पहाटे चारला सोडायचे,
साहेबलोक गवतात दबून बसायचे.

मी रावपुऱ्यात कवळ्या करतो, एकतीस वर्षं.
मेण, प्लास्टर, कानस, पॉलिश.
खानविलकर बाई नातीच्या लग्नात हसल्या,
अख्खी पंगत फसली.
म्हणून असेल,
ज्यानं ही कोरली त्याचा हात मला कळतो.
नाव नाही. पोटाला एक उभी रेघ,
तिला छेदणाऱ्या दोन.
पंख तो उरकतो,
मानेवर मात्र तीन दिवस गेले असतील.
बदकाला फसवायचं
तर बदकाच्या नजरेनं बदक बघावं लागतं,
वरून,
रात्रभर उडून थकल्यावर.

गेल्या महिन्यात एक हाताला जड लागलं.
शहा डॉक्टर जेवायला गेले तेवढ्यात
त्यांच्या मशीनवर एक्स-रे काढला.
छातीत बारा पांढरे ठिपके.
कुणा साहेबानं झाडली होती,
खरं समजून!

एवढं मोठं प्रशस्तिपत्र
त्या माणसाला दुसऱ्या कुणी दिलं नसेल.
मिळाल्या असतील त्या शिव्या.

त्याच बदकाची चोच मोडलेली.
नवी बसवली मी, माझ्याकडे होता त्या रंगात,
हिरडीच्या गुलाबी.
कुमुद म्हणाली, अहो, हे हसतंय की काय?

परवा पिशवीत घालून वढवाण्याला नेलं.
काठाशी सोडलं, दोरी बोटाला गुंडाळून.
वनखात्याचा पोरगा शिट्टी फुंकत आला,
काका, इथे प्लास्टिक टाकायचं नाही.
लाकूड आहे म्हटलं.
मग तोही उकिडवा बसला शेजारी.

पलीकडे पाणी दिसत नव्हतं इतकी बदकं.
त्यातलं एक उठलं,
आमच्यावरून एक फेरी, मग दुसरी, खालून,
पाय पुढे काढलेले.
पोरगा श्वास धरून.
आणि वळलं की ते. गेलं.

चोचच असणार.
घरी येऊन घासून काढली, अजून नवी केली नाही.
माप चुकलं की पेशंट परत येतो,
तोंडात बोट घालून दाखवतो, इथे टोचतंय.
या गिऱ्हाइकाला मी विचारू कुठे?