बाद फोटो

कुताइसीत, रिओनीच्या पुलाजवळ
औषधाच्या दुकानाला लागून माझा स्टुडिओ.
दहा लारीत सहा फोटो, दहा मिनिटांत.
कान दिसले पाहिजेत, दात दिसता कामा नयेत,
पाठीमागे पांढरं.
एवढंच माझं सौंदर्यशास्त्र.
सत्तावीस वर्षं त्यावर घर चाललं.

मग नेस्तान आली, शनिवार-रविवारपुरती कामाला,
एका कानात तीन बाळ्या.
विचारते, बेसोकाका, तुम्ही कुणाकुणाचे फोटो बघता?
म्हटलं, गिऱ्हाइकांचे.
ती हसली नाही.
पुढच्या शनिवारी तीन पुस्तकं आणली, उसनी,
हात धुतल्याशिवाय उघडू देईना.

पहिला कुणी नॉर्वेचा.
अकरा वर्षं एकाच बसथांब्याचे फोटो.
बस एकाही फोटोत नाही.
म्हटलं, याला दुसरा धंदा नाही का?
दुसरी सेनेगलची, कुंबा न्दोये.
शिंप्यांच्या दुकानांतले आरसे,
आरशात एकच बाही, टाचण्या लावलेली,
आत हात नाही.
ती दोन पानं मी परत उलटली
नेस्तान चहा ठेवायला गेल्यावर.

तिसरी आमचीच, झुग्दिदीची,
मारेख शोनिया, वय अठ्ठावीस.
रात्रपाळीवरून परतणाऱ्या बसमधली माणसं,
माना कललेल्या, डोळे मिटलेले,
एकाच्या मांडीवर पावाची पिशवी.
बाकी काही नाही.

मला राग आला.
खोटं कशाला बोलू, मत्सरच तो.
म्हटलं, यात काय मोठंसं,
मिटल्या डोळ्यांची माणसं माझ्याकडे डबाभर आहेत.

आणि बोलून गेल्यावर आठवलं,
खरंच आहेत.

बिस्किटांचा निळा डबा, वरच्या फळीवर,
जळालेल्या फ्लॅशच्या दिव्यांमागे.
पापणी लवली की फोटो बाद,
वकिलात घेत नाही.
दुसरा काढायचा, पहिला टाकायचा.
मी टाकत नव्हतो.
का, ते मलाही सांगता यायचं नाही,
कागद महाग होता म्हणेन फार तर.

टेबलावर ओतले.
चारशे-साडेचारशे माणसं, सगळी निघालेली.
पोलंडला ट्रक चालवायला,
ग्रीसला संत्री तोडायला,
इटलीत कुणा परक्या म्हातारीचं हगणं-मुतणं काढायला.
दातांचा डॉक्टर औतांदिल,
त्यानं तर तोंडही मिटून घेतलेलं.
शाळेत माझ्या पुढच्या बाकावरची त्सियाला.
एक पोरगा, कॉलरचं बटण चुकीच्या काजात,
नाव आठवत नाही.

तळाशी लामारा.
मागे माझंच अक्षर: तीन मार्च, दोन हजार नऊ.
दोन वर्षांसाठी गेली होती बारीला.
रोज दिसते फोनवर, हनुवटीखालून, हललेली,
मध्येच उठून कुणाला तरी औषध द्यायला जाते
आणि मी छत बघत बसतो.
या फोटोत मात्र ती हलत नाही.
डाव्या गालावर सावली पडली आहे.
चूक माझी, छत्री तिरकी होती.

तीच चूक पुन्हा करायला गेलो.
तीन संध्याकाळी, नेस्तानला स्टुलावर बसवून,
छत्री अशी तिरकी, तशी तिरकी, अजून खाली.
सावली पडायची,
पण नाकावर, किंवा सगळ्या तोंडावर,
किंवा अगदी मोजून-मापून पडायची, त्याहून वाईट.
चौथ्या दिवशी नेस्तान म्हणाली, मान दुखते.

पुस्तकं परत गेली.
नॉर्वेवाल्याबद्दल माझं मत फारसं बदललेलं नाही.

सोमवारी एक बाई आली, व्हिसाचे फोटो हवेत,
डोक्यावरचा रुमाल काढून घडी करून हातात धरला.
मी बटण दाबलं आणि तिची पापणी लवली.
एरवी मी लगेच दुसरा काढतो.
त्या दिवशी थोडा वेळ स्क्रीनकडे बघत उभा राहिलो.
बिघडला का हो? तिनं विचारलं.
म्हटलं, वकिलातीसाठी बिघडला.
कान मोकळे करा, आणि इकडे बघा.