टिंब

नेरूळला तिसऱ्या मजल्यावर राहतो.
सामन्याच्या रात्री स्टेडियमचे दिवे
थेट आमच्या ओट्यावर पडतात, भांडी चकाकतात,
आणि बायको म्हणते, तेवढीच आपली वीज वाचली.

बावीस वर्षं मी वही लिहिली,
रबाळ्याच्या रंगाच्या कारखान्याच्या संघाची.
कडक पुठ्ठा, दोन पेन्सिली,
एक खोडरबर, शेवटपर्यंत जवळजवळ चौकोनीच राहिलेलं.
धाव नाही, की टिंब.
तीन वर, तीन खाली, सहाही टिंबंच आली
तर ती रेघेनं जोडायची. इंग्रजी एम व्हायचा.
निर्धाव षटक.
या एका रेघेसाठी मी रविवार घालवले.

हिराजी मढवी, घणसोलीचा. डावखुरा, संथ.
खाडीवरून थेट मैदानावर यायचा,
पँटच्या दुमडीत चिखल वाळलेला.
बेलापूरला एकदा सतरा षटकं टाकली,
अकरा निर्धाव, एकोणीस धावा, बळी शून्य.
पेपरात काही आलं नाही. येणार तरी काय?
माझं पान मात्र, कुणी मोहरी सांडावी तसं.
फलंदाज शेवटी कावून म्हणाला, दादा, एक तरी वाईट टाका.
हिराजी हसला
आणि परत तोच टाकला.

गेल्या उन्हाळ्यात समोरच्या कामेरकरांच्या ऋजुतानं
ऑफिसात मिळालेलं तिकीट मला दिलं.
मी वही घेऊन गेलो. दारावर पेन्सिल काढून घेतली.
टोकदार वस्तू चालत नाही.
हातात झेंडा दिला; कोणाचा, ते विचारावं लागलं.

दोन चेंडूंच्या मध्ये एक जागा असते.
गोलंदाज मागे फिरतो, चेंडू मांडीला घासतो,
मिडऑफला दोन पावलं आत बोलावतो,
फलंदाजाला ते दिसतं,
आणि तो दिसलं नाही असं दाखवतो.
तिथं त्यांनी गाणं लावलं.
दर वेळी. तिथंच.

एका पोरानं चेंडू टाकला, पडला आणि बाहेर निघाला,
बॅटच्या कडेपासून केसभर लांबून.
मी "वा!" म्हणालो, एकटाच.
शेजारचा तोंड वाकडं करून म्हणाला, "डॉट गेला, अंकल."
थोड्या वेळानं त्या पोराची षटकंही संपली.
चार!
एवढ्यात हिराजीचं, वारा कुठून आहे,
तेसुद्धा ठरलेलं नसायचं.

खोटं कशाला बोलू,
जेवणानंतर मलाही डुलकी लागायची तेव्हा.
एक अख्खं षटक मी अंदाजानं लिहिलेलं आहे.
बेलापूरचंच. त्या अकरातलं एक.
हे आजवर कुणाला बोललो नाही.

काल परत दिवे लागले. हिराजीला फोन केला,
म्हटलं, दोघं मिळून जरा शिव्या घालू.
तर तिकडे टीव्ही दणाणतोय.
"थांब रं, शेवटची ओव्हर हाय! नऊ पायजेत!"
मग जरा वेळानं, आवाज खाली आणून,
"मला चारच टाकायला लागल्या असत्या ना,
तर हे गुडघे आज माझे असते."

याला माझ्या वहीत रकाना नाही.

तेवढ्यात खिडकीतून गर्जना आली.
मला आवाज थेट येतो;
घणसोलीच्या टीव्हीवर तोच चेंडू
सात-आठ सेकंदांनी पोचतो.
म्हणजे इकडे काहीतरी होऊन गेलं होतं,
षटकार की बळी, मलाही कळलं नाही,
आणि हिराजीचा गोलंदाज अजून
रनअपच्या टोकाला उभा होता, चेंडू पुसत.

फोनमध्ये हिराजीचा श्वास थांबलेला.
मी बोललो नाही.
किती वर्षांनी कुणीतरी माझ्याबरोबर
एका चेंडूची वाट बघत होतं.