शून्याचं रिटर्न

वीस लाखांच्या आत होते तोवर
माझं नाव फक्त बादल्यांवर होतं,
लाल ऑइलपेंटनं : मालन भोपळे, कदमवाडी.
चोरीला जाऊ नयेत म्हणून.

मग गोकुळ शिरगावच्या फौंड्रीनं विचारलं,
तिन्ही शिफ्टला बायका द्याल काय?
मी वहीत बेरीज केली, दोनदा केली,
आणि तारळेकरसाहेबांच्या पुढ्यात ठेवली.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. म्हणाले,
वैनी, तुम्ही रेघ ओलांडली की.

कुठली रेघ? मी तर जन्मभर
दुसऱ्यांच्या उंबऱ्याबाहेर चप्पल काढत आले.

शाहूपुरीत, सहाव्या गल्लीत, तळमजल्यावर
त्यांनी मला शिकवलं ते असं :
नऊ केंद्राचे, नऊ राज्याचे,
अकरा तारखेला काय विकलं ते सांगायचं,
वीस तारखेला काय देणं ते भरायचं.
मी विकलं काय? कुणाच्या तरी फरशीवरचा डाग
आता तिथं नाही, एवढंच.
बिलावर 'नसलेला डाग' लिहिता येत नाही,
म्हणून सहा आकड्यांचा कोड लिहितात.

लक्ष्मीपुरीतल्या फिनेलचं पक्कं बिल जपा, वजा होतं.
ॲसिडचं, मॉपचं, हातमोज्यांचंही.
आणि केरसुणीचं?
तिला करच नाही, वैनी. शून्य.
हौसाक्का हे ऐकून हसत सुटली,
म्हंजे सरकारबी तिला पाय लावत न्हाई!
मग थांबून म्हणाली, आन झाडणारीला?
झाडण्यावर अठरा.

राजारामपुरीतल्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई गोड बोलल्या :
आम्हाला यातलं काही वजा मिळत नाही हो,
अठरा तुम्हीच पदरचे घाला.
पदर झटकून पाहिला.
शंभरातले माझे सातच होते,
त्यातले चार यास्मिनच्या पोराच्या फीला उचल गेलेले.
अकरा वर्षांचा दवाखाना सोडला.
शेवटच्या दिवशीही जिन्याखालचा कोपरा पुसला,
जिथं कुणी बघत नाही.

पाहणीला आलेला पोरगेला अधिकारी
'व्यवसायाचं मुख्य ठिकाण' शोधत होता.
मोरीशेजारी चौदा बादल्या, दोरीवर पोतेरी.
त्यानं फोटो काढला,
आणि बाहेर पडताना ओल्या फरशीवर
स्वतःच्या बुटांचे ठसे बघून ओशाळला.
राहू द्या, म्हटलं. ते आमचंच काम.

मग त्या ऑगस्टात पंचगंगा
जयंती नाल्यातून उलटी चढली.
फौंड्रीची भट्टी विझली. बायका घरी.
पाणी उतरलं तेव्हा आम्ही नऊ जणी फावडी घेऊन निघालो.
कुणी बोलावलं नव्हतं.
गाळ असा, की दार उघडायच्या आधी दार शोधावं लागायचं.
कुंभार गल्ली, मग पाचवी, मग सहावी,
आणि तारळेकरसाहेबांचं ऑफिस.
त्यांच्या फायली आम्ही दोरीवर वाळत घातल्या,
अर्ध्या पेठेचे हिशेब, चिमटे लावून.
बिल किती झालं, त्यांनी विचारलं.
हौसाक्कानं फावडं नुसतं या हातातून त्या हातात घेतलं.

पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला
उसन्या लॅपटॉपवर त्यांनी माझं खातं उघडलं.
महिन्याभरात दिलेली सेवा?
मी भिंतीकडे बघत होते. तिथं पाण्याची रेघ,
छातीइतकी उंच, घासूनही न गेलेली.
शून्य, ते म्हणाले, हळूच.
शून्यसुद्धा वेळेत भरावं लागतं, वैनी,
नाहीतर दिवसाला वीस रुपये दंड.

भरा की मग.

मोबाइल वाजला. सहा आकडे आले.
चष्मा घरी राहिलेला, नखांत अजून गाळ.
मोबाइल लांब धरून
एकेक आकडा मी मोठ्यानं वाचत गेले,
ते टाइप करत गेले.