बद्द आवाज

उद्यमनगरात दादा कास्टिंग साखळीला टांगतो
आणि हातोडीनं एकदाच ठोकतो.
टण्ण वाजलं तर गाडीत.
बद्द वाजलं तर परत भट्टीत,
वरून कितीही गुळगुळीत असो.
चाळीस वर्षं हेच.
मशीन आलं तपासायला, तरी शेठ विचारतो,
'तातोबा, तुम्ही ऐकलं का?'

मी शुक्रवार पेठेत, माडीवर,
रात्रपाळीला बसते स्क्रीनपुढं.
आठशे किलोमीटरवर, वर्धा नदीच्या अंगाला,
जमिनीखाली दोनशे दहा मीटर,
छताला भोकं पाडून बसवलेत अठरा जिओफोन.
दादा म्हणतो, कानच की गं ते.

तिथं हातोडी लागत नाही.
कोळशाचा खांब काढला
की छत स्वतःच स्वतःला ठोकतं.
एक लाट पळत येते, दुसरी तिच्यामागून रेंगाळत.
दोघींच्या मधल्या उशिरावरून
मी काढते, किती लांब तडकलं.

मंगळवारी तासाला चाळीस ठिपके.
मग सत्तर.
मग एकशे दहा.
मग पावणेतीनला काहीच नाही.

ओव्हरमनला फोन लावला.
'मडावीभाऊ, सगळ्यांना वर घ्या.'
'ताई, छत तं आता गप आहे ना.'
'म्हणूनच.'

एकतीस माणसं वर आली.
उजाडलं. छत पडलं नाही.
बुधवारी नाही, गुरुवारीही नाही.
मॅनेजरनं विचारलं,
दोन पाळ्यांचा कोळसा कुणाच्या नावावर लिहू?
मी त्याला माझ्या आडनावाचं स्पेलिंग सांगितलं.

दादाला सांगितलं तेव्हा तो पायातले बूट काढत होता.
मोज्यातून काळी वाळू पडली फरशीवर.
म्हणाला, 'बद्द म्हणून टाकलेलं कास्टिंग
कुणी फोडून बघत न्हाई
आत चीर व्हती का न्हवती.
ते वितळतंय. आपण घरला येतो.'
दुसरा बूट तसाच हातात धरून बसला जरा वेळ.
'टण्ण वाजलेलं एक फुटलं व्हतं. हुपरीकडं, उसाच्या चरकात.
त्या पोराचं नाव अजून ध्यानात हाय.'
नाव सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.

आज शनिवार. साडेदहाला मडावींचा फोन.
'ताई, पोट्टे दारात उभे आहेत. टोप्या घातल्या. जाऊ देऊ का?'
पाठीमागं कुणीतरी हसत होतं,
डब्याचं झाकण पडल्याचा आवाज आला,
आणि त्या आवाजाला मी दचकले.
स्क्रीनवर अठरा रेषा.
सतरा बारीक थरथरतायत, नेहमीसारख्या.
एक सरळ.
वायर निघाली असेल.
असेलही.

'थांबवा जरा,' म्हटलं.
'किती वेळ?'

खाली दादानं पाणी पिऊन तांब्या ठेवला
आणि सवयीनं
बोटानं वाजवला.