दोन बोटं वर

पाचपावलीत, ज्या खोलीत आईनं जन्मभर कांड्या भरल्या,
तिथंच मी पाइपवर तार गुंडाळली,
अकराशे वेढे, एकही दुसऱ्यावर चढू न देता.
आई पाहून म्हणाली, सूत चमकते तुयं.
बाकी काही विचारलं नाही.

खालचं वेटोळं दौलतकाकाचं.
उन्हाळाभर कुलरच्या मोटारी भरणारा माणूस,
त्याच्या हाताला एकच आकार ठाऊक: उभा, ताठ,
मनगटावर गच्च बसलेल्या चुड्यासारखा.
इतवारीतून फ्रिजची तांब्याची नळी आणली,
नऊ वेढे, एकावर एक, पाइपाला जवळजवळ बिलगून.
"जवळ असलं का जास्त पोहोचते," काका म्हणाला.

पोहोचलं.
मे महिना, रात्रीचे साडेदहा, गच्चीची फरशी अजून पाय भाजत होती.
बुडालेल्या साडी-दुकानाच्या निऑन पाटीचा ट्रान्सफॉर्मर गुरगुरला
आणि ठिणगी वरच्या गोळ्यातून हवेत सुटलीच नाही,
तारेच्या अंगावरूनच सरपटली,
निळी, गोमेसारखी.
व्हार्निश जळाल्याचा वास. पाइपावर बोटभर लांब काळी रेघ.
"काहून असं करून राहिली बे ही?"

वहीत मांडून पाहिलं.
जवळिकीचाही आकडा निघतो, शून्य ते एकच्या मध्ये कुठंतरी.
आमचा तीन दशांशाला टेकला होता.
इतकी गच्च जोड असली की दिलेलं झर्रकन वर जातं,
वर काही घडायच्या आत झर्रकन परत येतं,
आणि येण्याजाण्यात मधली तार भाजते.

नळी उलगडली. सपाट चकली घातली,
मच्छर अगरबत्तीसारखी, प्रत्येक वेढा आधीच्यापेक्षा लांबचा.
क्लिपची जागा हुकली, ती शोधण्यात दोन रात्री गेल्या.
ठिणगी सुटली खरी, पण वीतभर, आळशी;
खालच्या फटीतले बोल्ट मात्र लालबुंद.
काका म्हणाला, "आता भलतीच परकी झाली."

तिसऱ्यांदा काठ उचलले, परातीसारखे.
जरा जास्तच उचलले गेले. पुन्हा तोच वास.
काकानं पक्कड फेकली.

पाण्याचा तांब्या घेऊन वर आलेली आई
कठड्याशी उभी राहून बराच वेळ पाहत होती.
"धोट्यात कांडी गच्च बसली तं सूत तुटते," ती म्हणाली,
"सैल बसली तं गुंतते. थोडी वर घे तिले."
खाली जाऊन तिनं लाकडाचे दोन तुकडे आणले,
विकलेल्या मागाचे, का ठेवले होते कोण जाणे,
आणि माझ्या पाइपाखाली सरकवले.

हातभर! जांभळी, फांद्या फुटलेली,
कडकडाटानं धकात्यांचा कुत्रा पलंगाखाली गेला,
त्यांचा टीव्ही मुंग्यांनी भरला, खालून शिव्या आल्या.
आईच्या हातातली जुनी ट्यूबलाइट
कशालाही न जोडता पेटली.
ती नळीकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे.

नंतर मोजलं: चौदा शतांश.
वहीत तेवढंच लिहिलं
आणि शेजारी, आईच्या मापात: दोन बोटं.
काळी रेघ मी खरवडली नाही.
काका अजून म्हणतो, उभंच बरं होतं.