चाकामागचा दगड

उद्यमनगरात तीन महिने उभी होती गाडी.
बाबगोंडा मिस्त्रीनं आतून प्लाय ठोकला,
पलंगाखाली पाण्याची टाकी.
घंगाळ नणंदेला दिलं, शिलाई मशीन सुगंधाक्काला,
तरी माझी पुरणाची चाळण
ह्यांनी दोनदा बाहेर काढली, मी तीनदा आत ठेवली.

त्याला दोन वर्षं झाली.
काल रात्री कोल्हापुरात शिरलो
पाहुण्यासारखे, रस्ता विचारत;
उड्डाणपूल नवा होता.
रंकाळ्याच्या कडेला गाडी लावली.

पहाटे काच वाजली. हवालदार.
"कुठलं म्हणायचं पावणं?"
"इथलंच की."
"मग घर कुठाय?"
ह्यांनी स्टेअरिंगवर हात ठेवला, बोलले नाहीत.
मी आधणात कपभर पाणी वाढवलं.

फुर्र करत त्यानं विचारलं,
"वहिनी, असं रात्रीचं भ्या न्हाई वाटत?"
वाटतं की.
उतार असला की जास्तच.
म्हणून मागच्या चाकाला दगड लावतो.

वाकून बघितला त्यानं. काळा, एका बाजूनं झिजलेला.
राजारामपुरीतलं घर बिल्डरला दिलं
तेव्हा पायरीचा तेवढा उचलून आणला.

एकोणीस हजार किलोमीटर झालेत त्याचे.