कल्ला

भरडावर, सायकलवाल्या मेस्त्रींच्या माडीवर
माझं पार्लर. दोन खुर्च्या, एक टेबलफॅन,
भिंतीवर शाम्पूच्या जाहिरातीतली बाई :
तेवीस वर्षांची,
गेली तेवीस वर्षं.

इथे कोणी वय सांगत नाही.
मी मानेवरून ओळखते, कानांच्या मागून.
गावकर वहिनी दर पंधरवड्याला भांग रंगवून जातात,
‘ह्यांना पांढरं आवडत नाही ना.’
ह्यांचं डोकं सोललेला शहाळा.
बँकेतल्या पेडणेकरबाईंनी रंग लावला
तर शेजारीण म्हणाली, आता ह्या वयात कोणासाठी?
सोडला, तर तीच म्हणाली,
आजारी होतीस काय गो?

परवा सुभद्रा कुबल आली.
जिन्यावरून आधी वास वर आला, मग ती.
लुगड्याच्या काठाला दोन-चार खवलं,
दंडावर सुकलेलं मीठ.
गावकर वहिनींनी पर्स उचलून मांडीवर घेतली.

वैशाखात धाकट्याचं लग्न.
कुडाळचा फोटोवाला ठरलाय,
आणि विहीणबाईंचा निरोप :
आईंचे केस तेवढे करून घ्या.

मी अंबाडा सोडला.
शिरोड्याच्या मिठागरावर दुपारी बघवत नाही
तसे पांढरे केस,
आणि त्यांच्या पोटात
बोटभर सुरंगीचा वळेसार.
बाहेरून दिसू नये असा गुंडाळून घातलेला.
कुबलाला जाऊन अकरा वर्षं झाली.
आरशात तिने माझ्याकडे पाहिलं.
मी काही बोलले नाही,
वाटीत पाणी घेतलं, वळेसार त्यात ठेवला.

रंग कालवला. ब्रश उचलला.
तिने मनगट धरलं, ओल्या दोरखंडाने धरावं तसं.
‘रवांदे गो.
ह्ये केस बघून लिलावातले पोरगे
खोटो दर सांगूक भियतत.
आणि रंग...’ ती थांबली, हसली,
‘कल्ल्याक रंग लावतत तां शिळ्या मासळेक.
ताज्याक कोण लावता?’

गावकर वहिनी मासिकातलं एकच पान
बराच वेळ वाचत होत्या.

मग सुभद्राने हनुवटी वर केली.
‘ह्यो येक मात्र काढ.’
एकच केस, काट्यासारखा, ताठ.
‘कोणासाठी नाय. हाताक लागता सारखो,
रात्री झोप येवक देयना.’
मी चिमट्याने काढला.
तिने तो बोटावर घेऊन उजेडात धरला,
सुरमईचा काटा निरखावा तसा,
आणि फुंकला.

वळेसार तिने स्वतःच माळला.
आत की बाहेर, ते मला दिसलं नाही,
माझी पाठ होती, मी वाटी धूत होते.
पैसे ओलसर. वर केळीच्या पानात चार बांगडे.

रात्री दार ओढून घेतलं.
उरलेला रंग फुकट कशाला घालवा,
आणि उद्या नवरीची आई येणार आहे,
पार्लरवालीचाच भांग पांढरा कसा चालेल?
लावला. कानापर्यंत, नेहमीसारखा.
डोक्यावर प्लास्टिकची पिशवी बांधली
आणि अर्धा तास काय करायचं
म्हणून बांगडे विळीवर घेतले.

पहिल्याचा कल्ला अंगठ्याने उघडला.
आत लालभडक.
माझं नख काळं.